तुम्ही कोपर लावलंत तेव्हा

सर, आज शाळेत एका मुलीने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी खोटं बोलले. तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं झाली, हे तुम्हाला सांगून काय मिळणार, असं कोणीही म्हणेल. पण ज्या गोष्टीबद्दल खोटं बोलले ती गोष्ट तुमची होती, म्हणून दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नाही.

मी आता नवी मुंबईत एका मोठ्या शाळेत बँड शिकवते. आपल्या शाळेतला तसा नव्हे, पंधरा ऑगस्टला बाहेर काढायचा आणि मग वर्षभर कपाटात ठेवायचा. हा सतरा मुलांचा आहे. पाच सॅक्सोफोन, चार ट्रॉम्बोन, चार ट्रंपेट, शिवाय पियानो, गिटार, बास आणि ड्रम. याला बिग बँड म्हणतात आणि आम्ही त्यावर जॅझ वाजवतो. शनिवारी एका कॉलेजच्या मुलांचाही असाच बँड घेते. खोलीला एसी आहे, भिंतींना आवाज पिणारे फोमचे तक्ते आहेत, प्रत्येक मुलापुढे नोटेशनचा स्टँड आहे. तुम्ही आला असतात तर आधी विचारलं असतंत, या खोलीला खिडकी का नाही, पोरं वारा कुठून घेतात.

आज तालमीत ट्रंपेटवाल्या चौघांचा एक लांबच लांब सूर होता. एका दमात तो कोणाच्याही बापाला झेपणार नाही. आठवीतल्या एका मुलीचा श्वास संपत आला, तिने शेजारच्या मुलाला हळूच कोपर लावलं, त्याने सूर उचलून धरला, तिने श्वास घेतला आणि परत येऊन मिळाली. ऐकणाऱ्याला सांधा कुठे होता ते कळलंही नाही. हे मी सगळ्या मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवते. तालीम संपल्यावर पेटी बंद करता करता ती म्हणाली, "मिस, ही कोपराची आयडिया कोणाची?" मी म्हणाले, बिग बँडमध्ये अशीच पद्धत असते. तिने मान डोलावली आणि बस पकडायला पळाली. सर, बिग बँडमध्ये अशी पद्धत नसते. तिथे ज्याने त्याने कुठे श्वास घ्यायचा ते आधी ठरवून कागदावर पेन्सिलने खूण करतात. कोपर लावायची पद्धत मी उभ्या आयुष्यात एकाच माणसाची पाहिली.

तुम्ही मला बँडमध्ये घेतलंत तो दिवस मला पुरता आठवतो, कारण त्या दिवशी मी ओलीचिंब होते. गावच्या तळ्यात माझ्या बहिणीची चप्पल पडली होती आणि ती काढायला मी बुडी मारली होती. तुम्ही सायकलवरून शाळेतून परत चालला होतात. मी बराच वेळ वर आले नाही म्हणून तुम्ही सायकल टाकून काठावर आलात, तोवर मी चप्पल घेऊन वर. तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, कितवीत हाय. दुसऱ्या दिवशी पीटीच्या तासाला मुलींना लेझीम वाटत असताना मला बाजूला काढलंत आणि हातात कॉर्नेट दिलंत. ट्रंपेटचाच हा बुटका भाऊ, पण तेव्हा मला ट्रंपेट काय तेही माहीत नव्हतं. शाळेच्या बँडमध्ये चार बिगुल, साईड ड्रम, एक मोठा ढोल आणि दोन कॉर्नेट, त्यातलं एक तुमचं स्वतःचं. ज्यावर तुम्ही लग्नसराईत वरातीपुढे वाजवायचात, तेच सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे. पोरगी तोंडाने पितळ वाजवणार म्हणून आमच्याकडे आजीने दोन दिवस तोंड वाकडं केलं होतं. बाबा म्हणाले, वाजवू दे, नाहीतर घरात बोलूनच आमचे कान किटवते.

रियाझाला तुम्ही आम्हा दोघा-तिघांना आमच्या मिठागराच्या बांधावर न्यायचात. तिथे समोरून वारा यायचा आणि वाजवलेला सूर उचलून मागे गावाकडे घेऊन जायचा, आपल्याला ऐकूच यायचा नाही. तुमचं म्हणणं, इथे जो स्वतःला ऐकेल तो कुठेही ऐकू येईल. नोटेशन तुम्हाला येत नव्हतं. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे तुम्ही सारेगम लिहायचात आणि खाली कुठलं बटण दाबायचं त्याचे आकडे. पण खरं शिकवलंत ते दोघांनी मिळून एक सूर कसा धरायचा ते. चालत्या वरातीत माणसाला धाप लागते, मध्येच खड्डा येतो, कोणीतरी फटाका लावतं. म्हणून दोन कॉर्नेट शेजारी चालवायचे आणि ज्याचा दम संपेल त्याने दुसऱ्याला कोपर लावायचं. दुसऱ्याने तोच सूर तसाच्या तसा उचलायचा, आवाज तेवढाच, हेलकावाही तोच. "सूर खाली पराचा न्हाय," हे वाक्य तुम्ही इतक्या वेळा म्हणायचात की आम्ही पोरं मधल्या सुट्टीत डबा खाली पडला तरी तेच म्हणायचो.

सातवीत असताना संचलनात मी एकदा कोपर न लावताच श्वास घेतला. मला वाटलं, अर्ध्या क्षणाचं काम, कोणाला कळतंय. नेमका तेव्हाच तुम्हीही श्वास घेत होतात आणि अख्ख्या मैदानावर एक भोक पडल्यासारखं झालं, नुसता ढोल. तुम्ही मारलं नाहीत. पोरं घरी गेल्यावर मला कपाटापाशी थांबवलंत आणि म्हणालात, "धाप लागली त्याची लाज न्हाय बाय. सांगितला न्हाय, त्याची लाज हाय." मी रडले होते. पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं की याहून मोठी लाज मला कधी वाटणार नाही.

बारावीनंतर मुंबईच्या एका कॉलेजात पाश्चात्त्य संगीताच्या विभागात मला प्रवेश मिळाला. म्हणजे काय ते बाबांना कळलं नाही, तुम्हाला अर्धवट कळलं, पण पेढे तुम्हीच वाटलेत. निघताना रुमालात बांधून तुमचं जुनं माउथपीस दिलंत, चांदीचा मुलामा ओठांच्या जागी पार उडालेला. त्याच्यावर मी तीस वर्षं... नाही, तीस वर्षं तुम्ही त्याच्यावर वाजवलं होतं. माझी घाई बघा, तुमचं ते माझं करताना हात अडखळत नाही. ते माउथपीस कॉर्नेटचं, त्याची दांडी बारीक. कॉलेजने दिलेल्या ट्रंपेटमध्ये ते ढिलं बसायचं, वाजवता वाजवता गळून पडायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सुट्टीत आले की तुम्ही विचारायचात, बोलतंय का नीट, आणि मी हो म्हणायचे.

त्या विभागात बिग बँड होता आणि तो घेणारे प्राध्यापक परदेशात शिकून आलेले. हुशार माणूस, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला नोटेशन वाचता येत नव्हतं, ते त्यांनी वर्षभर खपून शिकवलं. फक्त एक गोष्ट त्यांना माझ्यातून काढायची होती, ती म्हणजे तुमचा हेलकावा. लांब सूर आला की माझा ओठ आपोआप तो झुलवायचा, नवरी निघताना तुम्ही झुलवायचात तसा. प्राध्यापक हात वर करून बँड थांबवायचे आणि फक्त एवढंच म्हणायचे, "वेडिंग." सगळे हसायचे. पहिल्या महिन्यात मी रडवेली व्हायचे, दुसऱ्या महिन्यात मीही हसायला लागले आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या आधी मीच म्हणायचे. वर्षअखेर माझा सूर पट्टीने आखल्यासारखा सरळ झाला होता आणि मला त्याचा अभिमान होता. कॅलेंडरची पानं मी ट्रंकेत खाली, हिवाळी कपड्यांच्या खाली ठेवली होती. मुंबईत हिवाळी कपडे कोण काढतं.

मग तुमची शेवटची सव्वीस जानेवारी आली. त्याच महिन्यात तुम्ही निवृत्त होणार होतात आणि झेंडावंदनानंतर तुमचा निरोप समारंभ ठेवला होता. तुमचा निरोप आला की तू ये, आपण दोघं ती चाल वाजवू. ती चाल म्हणजे नवरी घरातून निघताना वाजवायची तुमची संथ चाल, शेवटी वर जाऊन एकाच सुरावर थांबणारी. पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नात तुम्ही ती वाजवली होतीत. तो शेवटचा सूर किती लांब चालतो हे गावातल्या बायकांना तोंडपाठ होतं, पदर केव्हा डोळ्यांना लावायचा ते त्यावरून ठरायचं. मी आदल्या संध्याकाळी घरी आले. बँडमधल्या चौघा मित्रमैत्रिणींना मीच हौसेने बोलावलं होतं, गाव बघा, मासे खा. ते सकाळच्या लाँचने मोरा बंदरावर उतरून थेट शाळेत येणार होते.

सकाळी मी तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून चहात टोस्ट बुडवत होतात, पार लगदा होईपर्यंत. काकी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. तुमचं शर्ट इस्त्री केलेलं, बँडचा लाल पट्टा खांद्याला. काकी पाणी आणायला मागच्या पडवीत गेल्या तेवढ्यात तुम्ही वरचा ओठ बोटाने उचलून मला दाखवलात. "वरचे दोन दात हालतान. शेवटचा सूर माझ्याच्यानी पुरा व्हाचा न्हाय. मी कोपर लावीन, तू उचल." काकींना सांगितलं नव्हतंत, सांगितलं असतं तर त्यांनी वाजवूच दिलं नसतं. मी म्हणाले, सर, काळजी करू नका. मग तुम्ही माझं ट्रंपेट हातात घेतलंत, बटणं दाबून पाहिलीत आणि त्यावर बसवलेल्या नव्या चकचकीत माउथपीसवरून अंगठा फिरवलात. ट्रंपेट परत दिलंत आणि म्हणालात, चाय घे.

मैदान भरलं होतं. तुमचे जुने विद्यार्थी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारे, त्यांनी गाड्या शाळेच्या रस्त्याला ओळीने लावल्या होत्या आणि तुम्ही स्टेजवर चढताना सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवले. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. माझे चार मित्र पहिल्या रांगेत, पाहुणे म्हणून खुर्च्या मिळालेल्या, एकाच्या हातात कॅमेरा. आपण वाजवायला उभे राहिलो आणि तुम्ही पहिली ओळ काढलीत, तुमचा तो झुलता, रडवा सूर. दोन वर्षांत मी तो ऐकलाच नव्हता. आणि सर, तो मला त्यांच्या कानांनी ऐकू आला. पहिल्या रांगेतली मैत्रीण शेजारच्याला म्हणाली, "यार, ये तो फुल शादी का बँड है," आणि दोघं हसली. वाईट मनाने नाही, गंमत वाटली म्हणून. तिने माझ्याकडे बघून ओठ हलवले, आवाज न करता, "वेडिंग." मी हसले. वाजवायला माझी पाळी यायची होती म्हणून तोंड मोकळं होतं, मी तुमच्या शेजारी उभी राहून हसले.

माझ्या ओळी मी सरळ वाजवल्या, पट्टीने आखलेल्या. लोकांना काही कळलं नाही, तुम्हाला कळलं असणार. मग शेवटची ओळ आली, तुम्ही वर चढलात आणि तो सूर लागला. काय लागला होता, सर. मिठागरावरून थेट गावात जाणारा. बायकांचे पदर वर गेले. तुमचा ओठ थरथरताना मला बाजूने दिसत होता आणि तुमचं कोपर माझ्या दंडाला लागलं. एकदा. माझी छाती पूर्ण भरलेली होती, ट्रंपेट ओठांना होतं. सूर उचलायचा तर तुमच्या सुरासारखाच उचलायला हवा होता, तोच हेलकावा देऊन, नाहीतर सांधा दिसला असता. आणि तो हेलकावा माझ्या तोंडून पहिल्या रांगेतल्या त्या चौघांनी ऐकावा हे मला नको होतं. एवढंच. याहून मोठं कारण मी इतक्या वर्षांत पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. मी सगळी हवा नाकावाटे सोडून दिली.

तुमचा सूर फाटला. आधी फाटला, मग नुसती हवा आली, मग थुंकीचा तो आवाज आला जो प्रत्येक वाजवणाऱ्याला स्वप्नात येतो. पुढे बसलेली लहान पोरं खिदळली. कोणीतरी चाल संपली समजून टाळ्या सुरू केल्या आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. ढोलवाल्याने शहाणपणा करून दोन मोठे ठोके दिले म्हणून तो प्रकार संपला. तुम्ही कॉर्नेट खाली घेतलंत, त्यातलं पाणी काढलंत, पट्ट्याच्या टोकाने तोंड पुसलंत. पट्टा लालच होता, त्यामुळे रक्त होतं की नाही ते मला सांगता येणार नाही.

स्टेजच्या मागे मी तुम्हाला गाठलं आणि म्हणाले, "सर, मला कोपर कळलंच नाही." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, फार वेळ नाही. म्हणालात, "असूदे. गर्दी व्हती. मीच नीट लावला नसंल." मग माझ्या मित्रांना हाताला धरून जेवायला घरी नेलंत. काकींनी भाकरी आणि जवळा केला होता. तुम्ही त्यांना ट्रॉम्बोनबद्दल विचारत होतात, ते किती जड असतं, वरातीत चालताना झेपेल का, आणि ते कौतुकाने सांगत होते. परत जाताना लाँचवर ती मैत्रीण म्हणाली, तुझे सर किती गोड आहेत. मी म्हणाले, हो ना.

त्यानंतर तुम्ही कधी वाजवलं नाहीत. मी गावी येत राहिले, तुमच्याकडे मात्र कमी. एकदा बाजारात भेटलात तेव्हा नवी कवळी दाखवून हसलात आणि म्हणालात, आता फक्त शेंगदाणे. तीन वर्षांनी बाबांचा फोन आला तेव्हा आमच्या बँडचा दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. मी आले नाही. कोणी अडवलं नव्हतं, एका ट्रंपेटवाचून काही अडत नाही, चौघांत एक निघाली तर उरलेले तिघं सूर सांभाळतात, हे मला तुमच्यामुळेच चांगलं माहीत होतं. बाराव्याला आले. कॉर्नेट भिंतीला, काकींनी त्यावर जुन्या साडीचा तुकडा शिवून घातला होता. काकींनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "त्या दिसाला दातांनी दगा दिला बोलले. पोरगी बाजूला उभी होती म्हणून तिथवर तरी पोचलो, असा बोलले." म्हणजे घरीसुद्धा तुम्ही माझं नाव घेतलं नव्हतंत. मी तेव्हा बोलायला हवं होतं. समोर मांडलेल्या जेवणाच्या ताटाकडे बघत बसले आणि काकींनी वाढलेलं सगळं जेवले.

पुढचं तुम्हाला सांगायलाही जीभ रेटत नाही, पण लिहायला बसलेच आहे. शिकवायला लागल्यावर पहिल्याच वर्षी मी मुलांना कोपर लावायला शिकवलं, काही विचार न करता, तोंडातून आपोआप आलं. बँड उत्तम जमला. दुसऱ्या शाळांचे शिक्षक बघायला आले, एका कार्यशाळेत मला ते करून दाखवायला बोलावलं. आता काही ठिकाणी ते माझं म्हणून ओळखलं जातं. मी कधी म्हणाले नाही की माझं आहे. फक्त कोणी म्हटलं तेव्हा नाही म्हणाले नाही. हेलकाव्याचंही तसंच. गेल्या शनिवारी कॉलेजच्या एका मुलाने सूर झुलवला आणि माझा हात आपोआप वर गेला. बँड थांबला, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, काही नाही, पुन्हा पहिल्यापासून.

सोमवारी त्या मुलीला खरं सांगेन, असं इथे लिहिणार होते. तसं लिहून पत्र छान संपलं असतं. पण मी स्वतःला ओळखते. सांगायचं तर तिला पुढचंही सांगावं लागेल, तुम्ही ज्या मुलीवर भिस्त ठेवलीत तिने काय केलं ते, आणि नंतर ती माझ्या बँडमध्ये कोपर लावताना दर वेळी माझ्याकडे बघेल. कदाचित सांगेन. कदाचित शाळेच्या गडबडीत राहून जाईल, जसं माझं बरंच काही राहून जातं.

हे पत्र तुमच्या माउथपीसच्या रुमालात ठेवणार आहे. काकींकडे नेऊन द्यावं असं मघाशी वाटलं होतं, त्या अजून आहेत, पण त्या कोणाकडून तरी वाचून घेतील, आणि त्यांनी इतकी वर्षं दातांना दोष दिला तो तसाच राहिलेला बरा. निदान मला तो बरा पडतो.

मिटण्याआधी पत्र एकदा वाचलं, सर, आणि त्यात एक गोष्ट खोटी आहे. वर मी लिहिलं आहे की तुमचं कोपर मला एकदा लागलं. ते खोडत नाही, दिसू दे. तुम्ही ते तीनदा लावलंत. पहिल्यांदा ठरल्याप्रमाणे. दुसऱ्यांदा जोरात. आणि तिसऱ्यांदा अगदी हळू, कारण तोवर तुम्हाला कळलं होतं.